पितळी जोड

पानावहिनीला कुणाचे उपकार सहन होत नसत आणि अपमान तर मुळीच नाही. उपकार ती लवकर फेडून मोकळी व्हायची, अपमान मात्र जपून ठेवायची. नळकाम ती नवऱ्याकडून शिकली, दोघांनी मिळून दुकान उभं केलं. नवरा गेला, त्याचे कपडे आवरून होत नाहीत तोच धाकट्या दिराने दुकानाचं कुलूप बदललं. "वहिनी, हा बायकांचा धंदा नाही," एवढंच म्हणाला. तेव्हापासून बाई पिशवीत पाना घालून घरोघर गळके नळ दुरुस्त करते आणि दिराच्या नावाने बोटं मोडते.

त्याच दिराने एक दिवस बोलावणं धाडलं. जुन्या दुकानाच्या जागी आता चकचकीत शोरूम होतं आणि मधोमध खाऱ्या पाण्याची भलीमोठी काचेची टाकी. रंगीत मासे, गोगलगायी, कोळंब्या, जिवंत प्रवाळ. टाकीतलं वरचं पाणी खालच्या गाळणीच्या टाकीत उतरवणारे पाइप सांध्यांवर गळत होते, आणि दिराच्या माणसांनी हात टेकले होते.

वहिनीने पिशवीतून प्लास्टिकचे जोड काढले, हाताने फिरवून सुटणारे. दिराने नाक मुरडलं.

"हे भंगार गिऱ्हाइकांना दिसणार. पितळी लावा, चमकणारे."

वहिनी बोलायला गेली. खारं पाणी पितळ खातं, त्यातलं तांबं पाण्यात उतरतं, आणि कोळंब्या-प्रवाळांना ते विष, हे तिच्या अगदी ओठांवर आलं होतं. टाकी सांभाळणारा म्हातारा शेजारीच काच पुसत होता, पण साफसफाई आणि माशांचं खाणं यापलीकडे त्या बिचाऱ्याला काही ठाऊक नव्हतं.

"वहिनी, अक्कल नको, हात चालवा," दिराने तिला मध्येच तोडलं.

तिने तोंड मिटलं. इतका गोड हुकूम तिला जन्मात कुणी सोडला नव्हता. तिने एकेक पितळी जोड मन लावून बसवला, वर फडक्याने पुसून लखलखीत केला. एक थेंब गळला नाही. घरी जाऊन बाई पोटभर जेवली.

काही आठवड्यांनी दिराचा फोन आला, रडवेला. वहिनी ठेवणीतली साडी नेसून गेली. गोगलगायी मेल्या होत्या, कोळंब्या मेल्या होत्या, प्रवाळ पांढरं पडलं होतं. जोडांवर हिरवा थर चढला होता. बाह्या ओल्या झालेला दीर स्टुलावर बसून मुसमुसत होता. वहिनीला इतकं बरं वाटलं की हसू लपवायला तिने पदर तोंडाशी धरला.

"त्या म्हाताऱ्यानंच पाण्यात काहीतरी घातलं," दीर म्हणाला. "सकाळीच हाकलला. कुठंच काम मिळणार नाही असा बंदोबस्त करतो त्याचा."

वहिनीच्या तोंडची चवच गेली. म्हाताऱ्याची दया आली, हे खरं. पण त्याहून जास्त संताप आला. सूड तिचा आणि नाव दुसऱ्याचं!

"त्याला परत बोलवा, भाऊजी. हे सगळं पितळानं केलं. बसवतानाच मला ठाऊक होतं."

दीर स्टुलावरून उठला. "मग तेव्हा बोलला का नाहीत?"

"तुम्हाला रडताना बघायचं होतं."

त्याने बाहीने डोळे पुसले. "मग? बघितलंत?"

"बघितलं," म्हणत वहिनी खाली बसली आणि पहिला पितळी जोड काढायला पाना लावला. "पुरलं नाही."