चुंबळीला गेलेले स्वेटर

"ताई, एकबी स्वेटर न्हाई," कौसामावशी म्हणाल्या. त्या आमच्या वसतिगृहाच्या स्वयंपाकीण. समोर पत्र्याची पेटी उघडी होती, आत नुसत्या डांबराच्या गोळ्या. आणि ते स्वेटर पाठवणाऱ्या परदेशी बाई दुसऱ्या दिवशी सकाळी येणार होत्या.

मी तेव्हा युसूफ वडगावजवळच्या एका हंगामी वसतिगृहाची प्रोजेक्ट कोऑर्डिनेटर होते. हंगामी म्हणजे, आईबाप ऊसतोडीला कारखान्यांकडे गेले की ते परत येईपर्यंत मुलींना आम्ही ठेवून घ्यायचं. नाहीतर मुली त्यांच्याबरोबर फडात जातात, आणि एकदा सुटलेली शाळा सुटतेच. त्या वर्षी दुष्काळ. एरवी न जाणारी घरंसुद्धा कोयता घेऊन गेली होती, त्यामुळे वसतिगृह गच्च भरलेलं.

ते चालायचं एका थंड देशातल्या वयस्कर बायकांच्या मंडळाच्या जिवावर. त्या वर्षभराचा खर्च उचलायच्या, वर हातांनी विणलेले स्वेटर पाठवायच्या. पार्सल दसऱ्याआधी आलं. उकाड्यात मुलींना स्वेटर घालून आम्ही फोटो काढले आणि पाठवून दिले. काम संपलं.

"गेले कुठं?"

"पोरींनी उसवले. आयांसाठी चुंबळी केल्या."

फडातल्या बाया उसाच्या मोळ्या डोक्यावर घेऊन ट्रकात चढवतात. डोकं आणि मोळी यांच्यामध्ये असते ती चुंबळ, कापडाची गोल गुंडाळी. तरी टाळूवरचे केस जातातच. पोरींनी आत चिंध्या आणि वरून लोकर गुंडाळून मऊ चुंबळी केल्या, आणि आया फडावर निघाल्या तेव्हा त्यांच्या हातात दिल्या.

"तुम्हाला माहीत होतं?"

"म्याच शिकवलं की. हितं पांघरुणं हायती, तिकडं मोळ्या हायती."

मला राग आला तो माझाच. तीन महिने मी तिथे ये-जा करत होते, आणि एकाही मुलीच्या अंगात स्वेटर नाही हे मला दिसलं नव्हतं.

आमच्या संस्थेच्या साहेबांना फोन केला. ते म्हणाले, "केजच्या दुकानातून आणा. रंग वेगवेगळे घ्या. बाई काय ओळखणार?"

मी आणले. असल्या कामांचा वीट आला होता. पण बाईंनी हात काढून घेतला, तर मुली सरळ फडावर जाणार होत्या.

सकाळी बाई आल्या, सत्तरीच्या. त्यांनी रांगेतल्या पहिल्याच मुलीच्या स्वेटरची कड उलटून बघितली. मग दुसरीच्या. शेवटी इंग्रजीत शांतपणे म्हणाल्या, "हे मशीनचे आहेत."

साहेब माझ्याकडे वळले. "सांगा त्यांना, तुमचे धुवायला टाकलेत म्हणून."

सहावीतली दुर्गा खुदकन हसली. "टँकर आठ दिसांनी येतंय. आंघूळ न्हाई आमाला, आन् स्वेटर धुत्यात व्हय!" अख्खी रांग हसायला लागली.

"ती काय म्हणाली?" बाईंनी मला विचारलं.

साहेब डोळ्यांनी खुणावत होते. मी खरंच थकले होते. दुर्गा म्हणाली ते जसंच्या तसं सांगितलं, आणि मग चुंबळींचंही सांगून टाकलं.

दुर्गाचं तोंड उतरलं. "मागल्या साली आईच्या डोक्याला जखम झालती. म्हून उसवला. त्यांना म्हणावं, रागवू नका."

मी तेही सांगितलं. कौसामावशींनी पाण्याच्या घागरीसाठी केलेली आपली चुंबळ आणून दिली. बाईंनी ती दाबून बघितली, बोटांनी लोकर चाचपली. "ही माझी लोकर आहे," त्या म्हणाल्या. मग मला विचारलं, "हे मला पत्रात का नाही लिहिलं?" मुलींच्या आभाराच्या पत्रांचा मसुदा दरवर्षी मीच फळ्यावर लिहीत असे आणि मुली तो उतरवून घेत.

वसतिगृह चालू राहिलं. पुढच्या दसऱ्याआधी पार्सल आलं, त्यात लोकरीचे नुसते गुंडे. सोबत चिठ्ठी: उसवण्याचा त्रास नको.

"आता फोटो कशाचा काढायचा?" साहेब वैतागले.

त्या वर्षी मी फळा कोरा ठेवला. दुर्गानं आपल्या मनानं लिहिलं, 'लोकर मिळाली. आईची जखम भरली. आता केस येतेत.' मी त्याचं भाषांतर करून तसंच पाठवलं. देणाऱ्याला एवढंच कळायला हवं असतं, हे समजायला माझ्या नोकरीची अर्धी वर्षं गेली.