टाकीतलं लोणी

आमचे हे बिअर बनवतात, हे मी पूर्वी चारचौघांत सांगत नसे. "पेयांचा छोटासा कारखाना आहे," म्हणायची आणि विषय बदलायची. आता सरळ सांगते. बिअर बनवतात, तीही एल, म्हणजे जरा उबेत आंबणारी, फळांचा आणि मसाल्याचा वास धरणारी. तिच्यासारखी दुसरी आमच्याकडे कुठे मिळत नाही. नवऱ्याचं कौतुक करायची मला सवय नाही, तेव्हा एवढं पुरे.

कारखाना म्हणजे दुधाच्या डेअरीची जुनी शेड. माल्टचं, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या जवाचं, पाणी उकळायला एक भलंमोठं पातेलं, आंबवायला स्टीलच्या दोन उंच टाक्या, कोपऱ्यात हॉप्सची, म्हणजे बिअरला कडवटपणा देणाऱ्या सुक्या फुलांची, पोती आणि कायम ओली असलेली फरशी. धाकटे भाऊजी पंप, नळ आणि वायरी सांभाळतात. मी बाटल्या, लेबलं आणि या दोघा भावांना सांभाळते. ह्यांच्याकडे काम एकच, वास घ्यायचं. टाकीचं झाकण जरा उचलायचं, डोळे मिटायचे, नाक पुढे करायचं आणि सांगायचं, "अजून दोन दिवस." मग ब्रह्मदेव आला तरी दोन दिवस टाकीला हात लावायचा नाही. लोकांनी ह्यांचं नाव 'नाकेश्वर' पाडलं ते काही उगीच नाही. हेही त्या नावावर खूश असायचे. कुणी हाक मारली की आधी नाक वळायचं, मग माणूस.

दर रविवारी सकाळी शेडमध्ये चव घ्यायला मंडळी बसतात. बेकरीवाले येतात, शाळेतून निवृत्त झालेल्या भूगोलाच्या बाई येतात, भाऊजी आणि मी असतोच. बाटलीत भरण्याआधी टाकीतून प्रत्येकाला अर्धा ग्लास. नियम ह्यांनीच घालून दिलेला: आधी हे बोलणार, मग बाकीच्यांनी फक्त खोड काढायची. कौतुक करायचं नाही. जो कौतुक करेल त्याने सगळ्यांचे ग्लास धुवायचे. "गोड बोलणारे मला दुकानात भेटतात, इथे नकोत," असं ह्यांचं म्हणणं. हा नियम माझ्यासाठीच केल्यासारखा होता. दुसऱ्याच्या कामात खोड काढायला आणि वर त्यासाठी प्यायलाही मिळतं, असं ठिकाण मला तरी दुसरं माहीत नाही. बाई मात्र मनाने मऊ. त्या दर दोन-चार रविवारी "छान" म्हणून जायच्या आणि पदर खोचून नळाशी उभ्या राहायच्या.

सगळं कसं छान चाललं होतं. मग ह्यांना ताप आला. ताप उतरला, सर्दी गेली, आणि जाताना नाक घेऊन गेली. नाक म्हणजे दिसायला जागेवर होतं हो, पण वास येईना. कशाचाच येईना. एका सकाळी गॅसवर दूध करपून घरभर धूर झाला आणि हे शेजारी पेपर वाचत बसलेले. मी ओरडत धावत आले, तर माझ्याकडे असे बघायला लागले की मी नुसता गॅस बंद केला. डॉक्टर म्हणाले, परत येईल, कदाचित येणारही नाही, वाट बघा. वाट बघा म्हणायला त्यांचं काय जातं.

त्या दिवशी ह्यांनी मला समोर बसवलं. "कुणाला बोलू नकोस. भाऊलाही नाही. मी आठवणीवर चालवीन. पण वर्षअखेरपर्यंत नाक आलं नाही तर शेड बंद करायची. ज्याला वास येत नाही त्याने लोकांना प्यायला घालू नये." मी म्हटलं, "अहो, मी आहे, भाऊजी आहेत." तर म्हणाले, "मग मी तिथे कशाला?" माणूस आयुष्यभर एका गोष्टीच्या जोरावर उभा असतो आणि ती एके दिवशी न सांगता निघून जाते. मला रात्रंदिवस तीच काळजी. शेड बंद झाली तर दुसरं काही करून पोट भरलं असतं, त्याची भीती नव्हती. पण शेडशिवाय हा माणूस घरात बसून नुसता भिंतीकडे बघणार, हे मला स्वच्छ दिसत होतं.

पुढे काही दिवस आठवणीवर खरंच निभावलं. हात सरावलेले, वेळ सरावलेली. रविवारी हे ग्लास नाकाशी धरायचे, डोळे मिटायचे आणि आधीच्या वेळचं सगळं म्हणून दाखवायचे. नाटक इतकं बेमालूम की मलाच कधी कधी वाटायचं, आलं की काय परत.

आणि मग तो रविवार. टाकीत फिकट सोनेरी एल होती, ह्यांची सगळ्यात लाडकी. ह्यांनी घोट घेतला, मान डोलावली. "स्वच्छ. शेवटी संत्र्याची साल. उद्यापासून भरायला घेऊ."

मी घोट घेतला. लोणी. कढवायला ठेवलेलं लोणी वितळायला लागतं ना, अगदी तसा वास, आणि जिभेवर तेलकट थर. संत्र्याचा पत्ता नाही. मी गप्प बसले, म्हटलं दुसरं कुणीतरी बोलेल आणि ह्यांना आपसूक कळेल. बायकोने चारचौघांत नवऱ्याला तोंडघशी पाडू नये एवढं मलाही समजतं.

भाऊजींनी घोट घेतला आणि पंपाकडे बघत म्हणाले, "चांगली आहे." बाईंनी घेतला, म्हणाल्या, "छान झालीय हं." शेवटी बेकरीवाले. त्यांनी घोट गिळला, मिशी पुसली आणि म्हणाले, "वा. उत्तम."

अंगाचा नुसता तिळपापड झाला माझ्या. ज्या माणसाचे हात पहाटेपासून कोपरापर्यंत लोण्यात असतात त्याला लोणी कळू नये? आणि भाऊजी, जे माझ्या हातच्या प्रत्येक पदार्थात मीठ कमी काढतात, ते 'चांगली आहे' म्हणतात? तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. यांना सगळ्यांना माहीत आहे. आणि सगळे मिळून माझ्या नवऱ्याची कीव करताहेत.

मी उठले आणि सगळ्यांचे ग्लास नळाखाली नेऊन आदळले. "धुवा," म्हटलं. "तिघांनीही कौतुक केलंय ना, मग तिघांनी धुवा. लोण्याचा वास येतोय या बिअरला, ढळढळीत येतोय. तुम्हाला आला नसेल तर तिघांनी डॉक्टरकडे जा. आणि येऊनही गप्प बसला असाल तर पुढच्या रविवारी इथे पाय ठेवायचा नाही."

हे खाली बघत होते. मग हळूच विचारलं, "कधीपासून माहीत आहे?"

बेकरीवाल्यांनी टोपी काढून हातात घेतली. "महिना झाला. तुम्ही दुकानात आलात, आत माझा पावाचा अख्खा ट्रे जळत होता. आणि तुम्ही म्हणालात, काय मस्त वास सुटलाय. मी या दोघांना सांगितलं. आम्हाला वाटलं, आपण सांभाळून घ्यावं."

"सांभाळून," हे म्हणाले, आणि उठून टाकीच्या मागे गेले.

मला वाटलं, संपलं. वर्षअखेर आजच आली, आणि ती मी आणली. भाऊजी माझ्याकडे बघेनात. बाईंनी डोळ्यांना रुमाल लावला. मला तर रडूही येईना, इतकी मी स्वतःवर चिडले होते.

पण हे परत आले. हातात कोरडा ग्लास होता. टाकीच्या नळातून थोडी बिअर घेतली आणि माझ्यापुढे धरली. "लोणी केव्हा येतं? तोंडाशी नेताच, की गिळल्यावर?"

मी परत घोट घेतला. "वास आधी. तेलकटपणा गिळल्यावर."

"आंबट?"

"नाही."

"तुम्ही सांगा," ग्लास बेकरीवाल्यांकडे गेला. "लोण्यातलं तुम्हाला जास्त कळतं. ताजं की खवट?"

बेकरीवाल्यांनी या वेळी मिशी पुसली नाही. दोनदा घोट घेतला. "ताजं. अगदी ताजं, जराही आंबूस नाही."

ह्यांचा चेहरा बदलला. टाकीवर तळहात ठेवून उभे राहिले. "मग नासली नाहीये. माझी घाई झालीय. वास नव्हता म्हणून मी घड्याळावर गेलो आणि लवकर थंड केली. यीस्टला आपला पसारा आवरायला वेळच दिला नाही. भाऊ, थंडावा बंद कर. शेजारची टाकी आत्ता पूर्ण जोरात आहे, त्यातली बादलीभर हिच्यात सोडू. तिच्यातलं यीस्ट हे लोणी खाऊन टाकेल."

भाऊजी धावले. मी बघत राहिले. वास गेला होता, पण वासाचा अर्थ लावायचं डोकं जिथल्या तिथे होतं. ते आम्हाला कुणालाच सुचलं नव्हतं, ह्यांना स्वतःलाही नाही. माझा जीव भांड्यात पडला.

पुढच्या रविवारी तिघेही आले, माझ्या तंबीला न जुमानता. आता हे शेवटी बोलतात. आम्ही सांगतो, हे विचारतात. प्रश्न असे खोदून खोदून की बाई म्हणतात, "माझ्या विद्यार्थ्यांनाही मी इतकं छळलं नाही." त्या दिवशी लोणी गेलं होतं आणि संत्र्याची साल आली होती, हे आम्ही चौघांनी स्वतंत्रपणे सांगितलं तेव्हा कुठे ह्यांनी मान डोलावली. शेड बंद करायचा विषय परत निघाला नाही. नाक काही आलेलं नाही. येईल असं आता आम्ही धरूनही चालत नाही.

एक मात्र झालं, ह्यांना सांगायची खोडच लागली मला. रस्त्याने जाताना सांगते, इथे कुणीतरी भिंत रंगवलीय, इथे कुणाचं तरी तेल जास्त तापलंय. हे ऐकतात, एखाद-दोन प्रश्न विचारतात, चित्र पुरं झालं की पुढे चालायला लागतात.

परवा दुपारी शेडच्या पायरीवर चहा घेत बसलो होतो. हे एकदम म्हणाले, "सगळ्याचं सांगतेस. तुझं नाही सांगितलंस कधी."

"माझं काय?"

"तुझा वास."

मी पदर नाकाशी नेला, मनगट नेलं. साबण सोडला तर काही कळेना. स्वतःचा वास कुणाला येतो? वाईट वाटलं मला, खरंच. सगळं सांगता येतं आणि नेमकं हेच देता येत नाही. "मला नाही कळत," म्हटलं. "तेवढं गेलंच म्हणायचं तुमचं."

ह्यांनी कप खाली ठेवला आणि डोळे मिटले, झाकण उचलल्यावर मिटायचे तसेच. "आधी उन्हात वाळलेली चादर," म्हणाले. "मग थोडं खोबरेल. आणि अगदी शेवटी आलं, नुकतं ठेचलेलं. ते तू चिडलीस की वाढतं."

"म्हणजे लग्न झाल्यापासून आल्याचाच वास येत असणार तुम्हाला," मी म्हटलं. डोळ्यांत पाणी आलं होतं, ते ह्यांना दिसायचं नव्हतं, कारण डोळे अजून मिटलेलेच होते.

"त्याशिवाय का इतका पक्का बसलाय," हे म्हणाले.