पचमढीला आई गाडीत का बसली

परवा आमच्या गढा मोहल्ल्याच्या बाजारात वाळल्या मोहफुलांचा वास आला आणि पचमढी आठवली. कारखान्यातल्या सोबत्यांबरोबर मी आईला घेऊन तिथे सहलीला गेलो होतो. डोंगरावर आईला चक्कर आली, म्हणून ती गाडीतच बसली, असं मी घरी सांगत आलो. ते खोटं आहे.

आईचं बालपण मेळघाटातलं. आदिवासी शेजारणींकडून ती त्यांची कोरकू भाषा शिकली होती. दरीच्या काठी मोहफुलं विकणारी कोरकू बाई दिसताच आई तिच्या भाषेत बोलू लागली. दोघी मातीत बसून माहेरी भेटल्यासारख्या हसत होत्या.

"अरे भैया, अम्मा तो पूरी जंगली निकलीं!" एक सोबती म्हणाला. सगळे हसले. मीही हसलो आणि आईला दंडाला धरून उठवलं.

"काहून रे? बोलून राहिली ना मी."

"गाडीत बस. लोक पाहून राहिले."

ती गाडीत जाऊन बसली. बाकीची पचमढी आम्ही तिच्याविना पाहिली. संध्याकाळी सगळे चहाला गेले, तेव्हा मी गाडीपाशी आलो. आईने खिडकीतून आधी इकडेतिकडे पाहिलं, मग हळूच विचारलं,

"आता उतरू काय रे? कोणी नाही पाहून राहिलं."