दगडाखालचे कोळसे

कड्याजवळच्या एका वस्तीवर मुंजाजी राहतो. साठीला टेकलेला गडी. जन्मात सायकल शिकला नाही, कुणाच्या मोटारसायकलवर मागं बसला तरी डोळे मिटून घ्यायचा. बैलांना मात्र नुसत्या तोंडानं वळवायचा. अशा माणसाच्या दारात त्याच्या पोरानं, जीवननं, छोटा ट्रॅक्टर आणून उभा केला आणि त्याला मागं खोदायचा लोखंडी हात. जीवन चाकणला कंपनीत. दिवाळीच्या सुट्टीत त्यानं बापाला दांड्या दाखवल्या, "करा सवय" म्हणाला आणि गेला. गावानं त्या यंत्राचं नाव ठेवलं, जेसीबीचं पिल्लू.

पिल्लानं आल्या आल्या गुरांचा हौद फोडला, मग कपड्याची तार ओढून नेली. बायको छबुबाई दारातून ओरडली, "घर पाडायचं आसंल तर आदी सांगा, म्या भांडी भाईर काडते!"

खरी मजा बघायला यायचा तो थोरला भाऊ बजरंग. बाप लवकर गेला तेव्हा मुंजाजीला औत धरायला यानंच शिकवलं. दोघांची रानं लगतच, मधे एक बांध. सकाळी चहाची कपबशी घेऊन बजरंग बांधावर बसायचा आणि हाळी द्यायचा, "मुंज्या, बैलाला बोलल्यावानी बोलू नको त्याला. ते काय ऐकतंय व्हय!"

"ऐकंल की दादा, लई गुनाचं हाय," मुंजाजी म्हणायचा आणि नेमकी उलटी दांडी ओढायचा.

त्याचं एक सारखं चुकायचं. तो हात चालवायला मागं तोंड करून बसावं लागतं. जन्मभर औतामागं चाललेला माणूस. बांध डाव्या हाताला म्हणजे डाव्याच, एवढं त्याच्या अंगात भिनलेलं. उलटं बसलं की बांध उजवीकडं यायचा आणि हात डावीकडंच जायचा.

आता त्या बांधाचं सांगायला हवं. वाटणी झाली तेव्हा पंचांनी बांधाच्या टोकाला खुणेचा दगड रोवला आणि दगडाखाली कोळसे घातले. आपल्याकडं अशीच रीत. कोळसा कुजत नाही; दगड कुणी हलवला तरी खाली उकरलं की खरी हद्द सापडते. कोळशाची पाटी धाकट्यानं धरली होती, दगड थोरल्यानं उभा केला होता.

पौषातल्या एका सकाळी मुंजाजी पाइपासाठी बांधालगत चर काढत होता. उलटी दांडी ओढली गेली, लोखंडी हात गर्रकन फिरला आणि खुणेचा दगड मुळासकट बाहेर आला. शहाण्या माणसानं इंजिन बंद करून भावाला हाक मारली असती. पण हा घाबरला. दादा यायच्या आत दगड होता तसा बसवू म्हणून खड्डा साफ करायला गेला. पहिल्या घासाला माती आली. दुसऱ्या घासाला सगळे कोळसे वर आले. मान वर केली तर बजरंग कपबशी घेऊन समोर उभा.

"दगड पडला आस्ता तर म्या चूक म्हनलो आस्तो," बजरंग म्हणाला. "कोळशे कशापायी काडले बे?"

धाकट्या भावाला त्यानं आजवर कधी 'बे' म्हटलं नव्हतं. बजरंगनं चहा तिथंच ओतून दिला आणि तो घरी गेला.

त्या दिवसापासून बोलणं बंद. हात चुकला म्हणून मुंजाजीनं पारावर सांगितलं, सोयऱ्यांना सांगितलं. कोळसा उगाळावा तितका काळाच. दगड एकट्यानं लावता येईना, एकट्यानं रोवलेली हद्द म्हणजे चोरीच. त्यानं भावजयीकडं, बायनाबाईकडं, निरोप दिला, "दादाला म्हना, निस्तं यून उभं ऱ्हावा. दगड माज्या रानात आत सरकून लावतो."

बजरंगचा उलट निरोप आला, "मला त्याचं रान नगं."

मग मुंजाजीनं हट्टानं ते यंत्र शिकून घेतलं. दिवसभर तेच. पुढं लोक झाडांचे खड्डे काढायला त्याला बोलावू लागले. त्या लोखंडी हातानं तो दुधाच्या किटलीचं झाकण अलगद लावून दाखवायचा. आणि इथंच त्याचं नशीब फुटलं. जितका हात बसत गेला, तितकी ती जुनी चूक कुणाला खरी वाटेना. बजरंग लिंबाखालून बघायचा आणि बायकोला म्हणायचा, "आसा हात आसल्याला मानूस चुकतो व्हय?"

हे कानावर आलं तेव्हा मुंजाजी दावणीपाशी बसून रडला.

चैत्रात बजरंगच्या छातीत कळ आली. दवाखान्याच्या वाटेवरच तो गेला. मुंजाजीनं खांदा दिला, पण बोलणं राहूनच गेलं.

दिवस-कार्य उरकल्यावर एका सकाळी बायनाबाई चुलीतल्या कोळशांचं घमेलं घेऊन बांधावर आली. "भावजी, दगड लावून घ्या. म्या हाय उभी."

मुंजाजीनं टिकाव उचलला.

"टिकाव नगं," ती म्हणाली. "मशिनीनंच खड्डा काडा. मरस्तवर त्यांच्या मनात त्येच हुतं, तुमचा हात चुकत न्हाई म्हून. मला माज्या डोळ्यानं बगू द्या."

तो मागं तोंड करून बसला. बांध उजवीकडं. आता हे काम तो झोपेतही करेल. इंजिन चालू झालं. त्यानं बांधाकडं बघितलं. दादाची कपबशी ठेवून ठेवून तिथल्या एका दगडावर वाटोळा डाग पडला होता. डोळे भरून आले, समोरचं दिसेना, आणि हातानं दांडी ओढली ती उलटीच. लोखंडी हात गर्रकन भलतीकडं फिरला आणि त्याच्याच उभ्या कांद्यात जाऊन रुतला.

मुंजाजीनं इंजिन बंद केलं आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं.

बायनाबाईनं त्या रुतलेल्या लोखंडी हाताकडं बघितलं. मग घमेलं खाली ठेवून, नवरा बसायचा तिथं बांधावर ती मटकन बसली.

"भावजी," ती म्हणाली, "ह्ये त्यांनी बगाया पायजे हुतं."