आठव्या डोळ्यावर

राहात्याचा कानिफनाथ गाडेकर वर्षातून दोनदा गाव सोडायचा. पिशवीत दोन कपडे, फडक्यात गुंडाळलेली कात्री, आणि वाट तासगावकडच्या द्राक्षमळ्यांची. ऑक्टोबरात फळाची छाटणी, एप्रिलात फळ निघाल्यावरची खरड छाटणी. नऊ वर्षं हा नेम चुकला नव्हता. त्याच्या हाताचं नाव होतं. काडी दोन बोटांत धरून तो जरा फिरवायचा, नाडी बघितल्यासारखी, आणि मगच कात्री चालायची.

एक गोष्ट मात्र तो कुणाला सांगत नसे. ऑक्टोबरात छाटून तो परतायचा. मागाहून घड लागायचे, पिकायचे, खुडले जायचे. एप्रिलात तो पुन्हा जाई तेव्हा मांडवावर नुसती पानं नि काड्या. आपण छाटलेल्या वेलीचा घड त्यानं नऊ वर्षांत एकदाही पाहिला नव्हता.

सत्तरच्या ऑक्टोबरात उत्तमरावांच्या मळ्यात खटका उडाला. उत्तमराव म्हणजे त्याचे तिथले जुने मालक. त्यांनी बिनबियांच्या थॉमसनची नवी बाग लावली होती आणि पहिलंच पीक धरायचं होतं. हुकूम असा, की दर काडीवर चार डोळे ठेवायचे, जुन्या भोकरी जातीच्या द्राक्षाला ठेवतात तसे. काडीवर जिथून फूट निघते त्याला डोळा म्हणतात. फूट निघाली तर घड. कानिफनाथनं काडी फिरवून बघितली. खालचे डोळे बोटाला चपटे लागले. जीव वरच्या अंगाला होता. बाकी बाग त्यानं हुकमाप्रमाणं छाटली, पण विहिरीकडची एक अख्खी ओळ आठ डोळ्यांवर ठेवली.

संध्याकाळी उत्तमरावांनी ती पाहिली.

"कानिफा, रान माझं का तुझं?"

"रान तुमचंच, मालक. पर काडी येगळं सांगती."

"काडी बोलती व्हय रं तुझ्यासंगं? मग ऐक. ह्या ओळीला घड लागला न्हाई, तर पुन्हा माझ्या बांधावर पाय ठेवायचा न्हाई."

छाटणीच्या टोळीतले पाच गडी ऐकत उभे होते. कानिफनाथनं कात्री पुसली, फडक्यात गुंडाळली. घरी येऊन बायकोला चकार शब्द सांगितला नाही.

फेब्रुवारीत एक दिवस तो एकाएकी म्हणाला, "छबू, समुद्र बघायचा का?"

छबूबाईचा भाकरी थापता थापता हात थांबला. लग्नाला बावीस वर्षं झाली होती. धाकटी लेकही नुकतीच सासरी गेली होती.

"समुद्र? आन् देव कुठला हाय तिथं?"

"देव न्हाई. नुस्ता समुद्र. रत्नागिरीला."

गावाला हे पटेना. देवाशिवाय माणूस एवढ्या लांब कशाला जाईल? "सांगत न्हाईत, पर नवस हाय काईतरी," म्हणत शेजारच्या मालनबाईनं तीन नारळ आणून दिले. "आमच्या नावानं फोडा तिथं." छबूबाईला नाही म्हणवेना.

रत्नागिरीला जायचं तर पुण्याहून सरळ कोल्हापूर गाठायचं. कानिफनाथनं मात्र कराडला गाडी बदलली आणि विटा-तासगावचा वळसा घेतला. तासगाव जवळ आलं तसे रस्त्याच्या कडेनं मांडव सुरू झाले. वर हिरवं, खाली दाट सावली. त्या सावलीत काही लोंबतंय असं वाटावं, तोवर गाडी पुढं गेलेली असायची. तो खिडकीच्या गजाला धरून बसला होता.

तासगावच्या स्टँडवर तो उठला. वरची पिशवी काढली. मग ती मांडीवर घेऊन परत खाली बसला.

"उतरायचं का?" छबूबाईनं विचारलं.

"न्हाई. पाय आखडलं हुतं."

खिडकीखाली टोपलीवाली आली. छबूबाईनं अर्धा किलो द्राक्षं घेतली. एक मणी तोंडात टाकला नि डोळे मोठे केले. "अवो, बीच न्हाई ह्यात! तुमच्याच हातची का काय ही?"

"कुनाला ठावं," तो म्हणाला. त्यानं एक मणीही खाल्ला नाही.

आंबा घाट उतरून दुसऱ्या दिवशी ते रत्नागिरीत पोचले. गाव कुठं सपाट म्हणून नव्हतंच. एक गल्ली चढायची, दुसरी उतरायची. एकाच्या अंगणातून दुसऱ्याची कौलं दिसायची. राहात्याच्या सपाटीवर वाढलेल्या दोघांच्या पोटऱ्या पहिल्याच दिवशी भरून आल्या. खाणावळीची मालकीण पिशवीतले नारळ बघून हसत सुटली.

"अगो बाई! रत्नागिरीस नारळ घेऊन आलात?"

"म्हायेरी आनल्यात त्यास्नी," छबूबाई म्हणाली. "बघा बरं, सासरी वाळल्यात का."

त्याच संध्याकाळी दोघं भाट्याच्या किनाऱ्यावर वाळूत बसले. छबूबाईनं लुगडं गुडघ्यापर्यंत भिजवून घेतलं, पाणी चाखलं, तोंड वाकडं केलं, पुन्हा चाखलं. मग नवऱ्याकडं वळली. तो समोर बघत होता, पण त्याला दिसत काही नव्हतं. दोन बोटं नकळत एकमेकांवर फिरत होती.

"तुमी समुद्र बघाया आलाय का मला फसवाया?"

तेव्हा त्यानं सांगितलं. ओळ, आठ डोळे, पाच गड्यांसमोरचा शब्द. तासगावला उतरायचं ठरवून निघालो होतो, पण छाती झाली नाही, हेही. लाटांच्या आवाजात त्याला मोठ्यानं बोलावं लागत होतं, आणि हे मोठ्यानं सांगताना आणखी लाज वाटत होती.

"चार म्हयने पोटात घिऊन फिरताय व्हय?" छबूबाई म्हणाली. "जाताना उतरायचं."

"आन् घड लागला नसंल तर? तुझ्यादेखत?"

"तर माझ्यादेखत. नऊ वर्सं म्या तुमची कात्री फडक्यात बांधून दिली. ती कुठं चालती ते बघू द्या की."

तिसऱ्या दिवशी दोघं तासगावला उतरून उत्तमरावांच्या मळ्याकडं चालू लागले. बांध आला तसा कानिफनाथ थांबला. पलीकडं पाऊल पडेना.

"पाय ठेवायचा न्हाई असं तुमाला म्हनलं हुतं," छबूबाई म्हणाली. "मला न्हाई कोन म्हनलं." आणि बांध ओलांडून ती विहिरीकडच्या मांडवाखाली शिरली.

तो वाट बघत राहिला. आतून आवाज येईना. ही बाई गप्प बसली की काहीतरी बिघडलं, हे त्याला पक्कं माहीत. न राहवून तोही आत गेला.

छबूबाई मान वर करून उभी होती. विहिरीकडची ती ओळ एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत घडांनी वाकली होती. शेजारच्या ओळींना पाला रग्गड, घड मात्र शोधावा तेव्हा एखादा. कानिफनाथनं एका काडीवर आपली कात्री ओळखली: तिरपा छाट, आता वाळून राखाडी झालेला. त्याच्या खालच्या दोन डोळ्यांना दोन घड. मण्यांतून उजेड आरपार येत होता. त्यानं हात लावला नाही. नुसता तळवा घडाखाली धरला, आणि मग हळूच वर नेला. घडाचं ओझं तळहातावर आलं.

"इतकं जड असतं व्हय," तो म्हणाला.

विहिरीकडून उत्तमराव आले. त्याला बघून थबकले. छबूबाईनं डोक्यावर पदर घेतला, पण जागची हलली नाही.

"या, कानिफनाथ," उत्तमराव म्हणाले. 'ये'चं 'या' झालेलं छबूबाईच्या कानानं बरोबर टिपलं. "ही ओळ मुद्दाम न खुडता ठेवलीय. रोज कोण ना कोण बघायला येतं. विचारत्यात, कुणाचा हात?"

"मग तुमी काय सांगता?" छबूबाईनं पदराआडून विचारलं.

"राहात्याचा गडी हाय, म्हणून सांगतो." मग ते कानिफनाथकडं वळले. "गड्यांसमोर बोललो ते... ते बोलायला नको हुतं. पुढच्या साली सगळ्याच बागेला आठ डोळे ठेवू या का?"

कानिफनाथ शेजारच्या ओळीकडं गेला. एक काडी दोन बोटांत धरली, फिरवली, सोडून दिली.

"आत्ता कसं सांगू, मालक? ऑक्टोबरात काडी हातात घिऊ, मग ठरवू."

"ठरवू नव्हं," उत्तमराव म्हणाले. "तुम्ही ठरवा."