शेंदरी रंगातला शिलालेख

ऑइल पेंटचा वास आला की वेशीवरचा शिलालेख आठवतो. जुन्या कानडीतला तो लेख अजून कुणी वाचलेला नव्हता. नगर पंचायतीनं खर्च वाचवायला तिथला राखणदार काढला, तेव्हा मी, घरातला पहिला पदवीधर आणि तोही इतिहासाचा, ऐटीत भांडायला गेलो. अध्यक्ष हसले, "सर, दगड कुठं पळून जाऊन राहिला?" महिन्यानं बघतो तर शेजारच्या मामांनी अख्खा दगड शेंदरी रंगवून हार घातलेला, अक्षरांच्या खाचा पार बुजलेल्या. "माणूस काढला की त्यांनी, मग आम्हीच सांभाळून राहिलो. लई भारी दिसतो, न्हाई का रे?" म्हणत मामांनी हातावर खोबरं ठेवलं. रागवावं कुणावर? मी ते खोबरं खाल्लं. आता तिथं रोज दिवा लागतो, नवस बोलले जातात, आणि रंग खरवडा म्हणायचं बळ माझ्यात उरलेलं नाही.