उजव्या खांद्यावरचं हँडल

गेल्या महिन्यात एका रविवारी सकाळी, गढा या हिंदीभाषक मोहल्ल्यातल्या आमच्या घराच्या गच्चीवर, मी बाबांना प्लायवूडच्या खोक्यात बेल्टने बांधलं आणि डोळ्यांवर आईची ओढणी गुंडाळली. शेजारच्या दीदी कपडे वाळत घालता घालता थबकल्या... "सब ठीक है ना?" ठीकच होतं हो, माझं कामच असं आहे!

मी रेसिंगच्या मोटरबोटी डिझाइन करते. कॅटामरान... म्हणजे दोन लांब निमुळत्या होड्या शेजारी शेजारी जोडलेल्या, मधे बोगदा. वेगात त्या बोगद्यात हवा शिरते आणि बोट पाण्यावरून उचलली जाते. त्यामुळेच ती पळते, आणि हवा जास्त झाली की उलटते. मग ड्रायव्हर पाण्याखाली, डोकं खाली, अंधारात... बेल्ट सोडून डोक्यावरचं झाकण उघडायला हातात मोजके सेकंद.

झाकणाचं हँडल मी उजव्या खांद्याच्या वर दिलं होतं. सोमवारी ड्रॉइंग बोट बांधणाऱ्या बिल्डरकडे जायचं होतं, आणि एकदा साचा बनला की बदल महाकठीण. म्हणून गल्लीतल्या सुतारभैयांकडून ड्रायव्हरच्या जागेचं खऱ्या मापाचं खोकं करून घेतलं. मी चार सेकंदांत बाहेर. आई सातमध्ये, वर "एवढंच?" म्हणाली.

मग बाबा. बेल्ट झटकन सुटला, पुढे काहीच नाही... दहा सेकंद, पंधरा, वीस. आईचा पारा चढला. "अहो, काहून नाटकं करून राहिले?"

"हात वर जात नाही," आतून आवाज आला. "खांदा धरलाय... दिवाळीपासून. डावा तिथवर पोचत नाही."

झाकण बाहेरून उघडलं, ओढणी सोडली, तर ओशाळून हसत होते. आईलासुद्धा "थोडं दुखतं" एवढंच सांगितलेलं. "मला सांगितलं काहून नाही?" मी ओरडलेच. तर म्हणे, "तू मीटिंगमध्ये राहते ना दिवसभर."

मी तिथेच फतकल मारून बसले. उलटलेल्या बोटीतल्या माणसाचा हात जायबंदी असू शकतो, हे मी धरलंच नव्हतं! वेड्यासारखी धडधाकट माणसासाठी सुटकेची वाट काढत बसले होते. आणि बाबा हिवाळाभर स्वेटर सोडून शाल का पांघरत होते, वरच्या फळीवरचा चहाचा डबा रोज मलाच का काढायला सांगत होते, ते आत्ता उमगलं... "बाबा, पाच मिनिटं!" असं किती वेळा खेकसले असेन, देव जाणे.

डावीकडे, कमरेजवळ दुसरं हँडल आलं. ड्रॉइंग दोन दिवस उशिरा गेलं, बोलणी खाल्ली, खाल्ली तर खाल्ली. टेस्टच्या फॉर्मवर तपासणाऱ्याच्या जागी बाबांचं नाव लिहिलं. त्यांचं फिजिओ सुरू झालंय, हात आता कानापर्यंत पोचतो.

ज्या ड्रायव्हरला मी कधी पाहिलंही नाही, त्याचा हात हँडलपर्यंत कसा पोचेल याची काळजी मी वर्षभर करत होते. ज्यांचा हात खरंच अडकला होता, ते रोज माझ्यासमोर बसून चहा पीत होते...

चहाचा डबा आता खालच्या फळीवर असतो. सॉरी, बाबा.